लॅपटॉप घेऊन फिरताना काय शिकलात? ठाणे-नवी मुंबईकरांनी अनुभव सांगा

नौपाडा, ठाणे

मी सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी माहितीपुस्तकं लिहिते. 2021 पासून वर्षातले चार-पाच महिने घराबाहेर राहून काम करते. हिमाचलमधलं बीर, केरळातलं वर्कला आणि पाँडिचेरी इथे राहून झालंय. परवा शेजारच्या काकूंच्या मुलीने विचारलं, "ताई, नोकरी सोडून मीही असं करू का?" मला सरळ उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा काढतेय. फोटो सगळ्यांनी पाहिलेत. इथे चुका, खर्च, घरचे प्रश्न असं सगळं मोकळेपणाने लिहा, तिला त्याचाच उपयोग होईल.

सुरुवात माझ्यापासून. पहिल्या वर्षी मी दर आठ-दहा दिवसांनी गाव बदलत होते. प्रत्येक बदलात कामाचे दोन दिवस जायचे. एक प्रवासात, दुसरा पाठीला चालेल अशी खुर्ची, रेंज आणि जेवणाची सोय शोधण्यात. तीन महिन्यांत दोन डेडलाइन चुकल्या आणि एक जुना क्लायंट गेला. तो गेल्याचं मला आजही वाईट वाटतं. आता एका गावात महिनाभर तरी राहते. होमस्टेवाले महिन्याचा भाव वेगळा लावतात, तोही बराच कमी पडतो.

"वायफाय आहे का?" असं विचारलं की सगळेच हो म्हणतात. मी रात्री नऊ वाजता केलेल्या स्पीड टेस्टचा व्हिडिओ मागते, कारण त्या वेळी सगळे पाहुणे खोलीवर परतलेले असतात. डाउनलोडपेक्षा अपलोडचा आकडा बघते. आणि वीज गेल्यावर राउटर चालतो का, हे विचारते. बऱ्याच ठिकाणी दिवे-पंखे इन्व्हर्टरवर असतात, राउटर मात्र नसतो.

सीवूड्स, नवी मुंबई

मी अ‍ॅप डिझाइन करतो, क्लायंट न्यूयॉर्कचा. मला घड्याळाने धडा शिकवला. तिथल्या सकाळी दहाची मीटिंग आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातला असते. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं बदलतात, त्यामुळे हिवाळ्यात तीच मीटिंग साडेआठला येते. मी हौसेने थायलंडला गेलो. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढे, म्हणजे मीटिंग रात्री नऊला, थंडीत दहाला. त्यानंतर बदल करायचे, मग झोपायला दोन वाजायचे. दीड महिन्यात पित्त आणि डोकेदुखी मागे लागली. पुढच्या वेळी जॉर्जियात तिबिलिसीला गेलो. ते आपल्या दीड तास मागे, त्यामुळे उन्हाळ्यात तीच मीटिंग संध्याकाळी सहाला. तेवढ्या फरकाने रात्रीची झोप परत मिळाली. अमेरिकेचं काम असेल तर पूर्वेकडे जाण्याआधी नीट विचार करा.

व्हिसाचंही सांगतो. पर्यटक व्हिसावर बसून काम करणं बऱ्याच देशांच्या नियमांत बसत नाही. थायलंडने 2024 मध्ये अशा कामासाठी डीटीव्ही नावाचा पाच वर्षांचा व्हिसा सुरू केला. एका वेळी 180 दिवस राहता येतं, पण खात्यात 5 लाख बाट दाखवावे लागतात.

अजून एक. तिथे फोन पाण्यात पडला. नवीन घेतला, पण यूपीआय सुरू करायला बँकेत नोंदवलेल्या सिमवरून एसएमएस जावा लागतो आणि मी रोमिंग चालू करूनच निघालो नव्हतो. ओटीपीही येईना. आठ दिवस मित्राच्या उसन्या पैशांवर काढले. तेव्हापासून बँकेच्या सिमवर रोमिंग आधी चालू करतो आणि दुसऱ्या बँकेचं कार्ड वेगळ्या बॅगेत ठेवतो.

खारघर

हिशेबाचं थोडक्यात लिहितो, कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही. परदेशी क्लायंटला दिलेली सेवा निर्यातीच्या अटींत बसली की जीएसटी शून्य दराने लागतो. मात्र नोंदणी असेल तर कर न भरता बिल करण्यासाठी दर आर्थिक वर्षी एलयूटी नावाचं हमीपत्र भरावं लागतं. मी एक वर्ष विसरलो आणि ते निस्तरण्यात दोन महिने गेले. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेचं बँकेचं प्रमाणपत्र तेव्हाच्या तेव्हा मागून घ्या. वर्षाचा कर 10 हजारांच्या वर जाणार असेल तर अ‍ॅडव्हान्स टॅक्स लागतो, म्हणजे वर्ष संपायच्या आधीच हप्त्यांनी कर भरायचा. डोंगरात असलात तरी तारखा तुमच्यासाठी थांबत नाहीत. आणि भारतात 182 दिवसांपेक्षा कमी राहिलं की करातून सुटलो, असं समजू नका. बाकीच्या अटीही असतात, सीएला विचारा.

वाशी

मी हिमाचलात धरमकोटला असताना आई बाथरूममध्ये घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. शेजारच्या काकांनी फोन केला तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. सकाळी टॅक्सीने गग्गल विमानतळ गाठला, तर ढगांमुळे विमान रद्द. मग बसने दिल्ली, तिथून विमानाने मुंबई. वाशीला पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. ऑपरेशनच्या फॉर्मवर सही काकांनी केली होती. त्यांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

फिरायचं सोडलं नाही, पण पद्धत बदलली. आता रात्रभराच्या रेल्वेप्रवासात घरी पोचता येईल अशाच गावी जाते. घराची एक किल्ली काकांकडे असते. आईच्या औषधांची यादी, विम्याचे कागद आणि डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर लावलेला आहे. तातडीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवले आहेत, त्यांना हात लावत नाही. निघण्याआधी आईला विचारते, "जाऊ का?" पूर्वी मी फक्त कळवायचे. काकूंच्या मुलीच्या घरी वयस्कर माणसं असतील तर तिने हे आधी बोलून घ्यावं.

वर्तकनगर, ठाणे

दोन वर्षं फिरून मी परत आले. काम छान चाललं होतं, पण दर महिन्याला नव्या लोकांना पहिल्यापासून आपण कोण ते सांगायचा थकवा आला. आता सकाळी येऊरच्या वाटेवर चालायला जाते, काम घरून करते, संध्याकाळी मासुंदा तलावाकाठी मैत्रिणी भेटतात. परत येणं म्हणजे हरणं नव्हे, एवढंच त्या मुलीला सांगा.

घोडबंदर रोड, ठाणे

मी व्हिडिओ संकलन करतो. परदेशी नाही, आजोळी जातो, गुहागर तालुक्यात. ठाण्याहून मांडवी एक्स्प्रेसने चिपळूण, पुढे एसटी. पहिल्या पावसाळ्यात वीज सलग दोन दिवस नव्हती आणि माझ्याकडे 40 जीबी फूटेज पाठवायचं होतं. शेवटी हार्ड डिस्क घेऊन चिपळूण गाठलं. आता मूळ फूटेजच्या हलक्या प्रती करून त्यावर काम करतो, सगळ्याची नक्कल दोन एसएसडी डिस्कवर ठेवतो आणि पावसाळ्यात मोठी कामं घेतच नाही.

त्याहून अवघड होतं ते लोकांना समजावणं. जवान मुलगा दिवसभर घरात दिसतो म्हणजे मुंबईची नोकरी गेली, असं वाडीत सगळ्यांना वाटलं. कोणी ना कोणी गप्पा मारायला खळ्यात येऊन बसायचं आणि मला उठायला लागायचं, नाहीतर माणूस दुखावतो. आजीने यातून वाट काढली. माजघरात माझं टेबल लावून दिलं आणि येईल त्याला सांगू लागली, "तो कामावर गेलाय, पाचला सुटेल." पाच वाजता मी खरंच लॅपटॉप मिटून खळ्यात येऊन बसायचो. ठाण्यात मला कामाची वेळ कधी पाळता आली नव्हती, ती आजीच्या शब्दाखातर पाळली.

मे महिन्यात पुन्हा जातोय. शृंगारतळीच्या आसपास कोणत्या कंपनीची रेंज चांगली मिळते, हे कोणी तिथे राहून काम केलं असेल तर सांगा. टेबल आहे, आणखी एकाची सोय होईल.