भांडी कोण घासतं ते नंतर बघू, आधी सांगा घर कोणाच्या नावावर आहे?

कल्याणी_नाशिक

नवरा-बायकोतल्या समानतेवर चर्चा सुरू झाली की ती स्वयंपाकघरात शिरते आणि तिथून बाहेरच पडत नाही. भाजी कोण निवडतं, डबे कोण भरतं, पाहुणे आले की कोण उठतं. हे प्रश्न छोटे आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि ते करणाऱ्या पुरुषांची ९७, असं दिसलं होतं. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ आले. पाच वर्षांत दोघांचंही काम थोडं हलकं झालं, पण दोघांमधलं अंतर फक्त एका मिनिटानं घटलं.

म्हणून मला वाटतं की आपण चुकीच्या टोकाला धरून ओढतोय. कामाची वाटणी मर्जीवर चालते. आज नवरा पोळ्या लाटतो, उद्या त्याची बदली झाली किंवा सासूबाई राहायला आल्या की ते बंद पडतं. मालकी कागदावर असते आणि ती अशी पुसली जात नाही.

माझ्या नात्यातल्या एका काकूंचं सांगते. फ्लॅट बुक करताना पैसे कमी पडले, तेव्हा त्यांनी माहेरच्या पाटल्या आणि गोठ मोडले. त्या पैशांची पावती कुणी जपली नाही. करारनाम्यावर, इंडेक्स टूवर म्हणजे खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, कर्जाच्या कागदांवर, सगळीकडे एकट्या काकांचं नाव. काका मृत्युपत्र न करता गेले. काकूंना वाटत होतं, सोसायटीत नॉमिनी आपणच आहोत, म्हणजे घर आपलं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे त्यांना तेव्हा कळलं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार बायको, दोन मुलं आणि हयात असलेली आई असे चार सारखे हिस्से पडले. ज्या घरात आयुष्य गेलं आणि ज्याच्यात अंगावरचं सोनं गेलं, त्यात काकूंचा चौथा हिस्सा. पुढे सासूबाईंच्या हिश्श्यावर दिरांनी बोट ठेवलं.

माझी मागणी सरळ आहे. लग्नानंतर दोघांपैकी कुणीही जे कमावून उभं करेल, ते कायद्यानं निम्मं-निम्मं असावं. घरात राहून संसार करणारीचा त्यात वाटा असतोच, तो कागदावर यावा. गोव्यात हे दीडशे वर्षं चालू आहे. मग आपल्याकडे का नाही?

रोखठोक_कोथरूड

पूर्ण असहमत, आणि हे बायकोच्या विरोधात असण्यातून येत नाही.

माझ्या फ्लॅटचं डाउन पेमेंट वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडातून आणि गावाकडची जागा विकून आलं. हप्ता माझ्या पगारातून जातो. वडील आता माझ्याकडेच असतात. उद्या लग्न वर्षभरात मोडलं, तर वडिलांच्या आयुष्याच्या कमाईतलं निम्मं अशा माणसाला द्यायचं, जिचं त्यांच्याशी नातंच उरलेलं नाही? त्यांनी म्हातारपणी कुठे जायचं?

दुसरं असं की स्त्रीधन कायद्यानं तिचं एकटीचं असतं. नवऱ्याचा त्यावर काडीचा हक्क नाही, आणि नसावाच. पण मग सोनं तिचं एकटीचं आणि घर दोघांचं, ही कुठली समानता? शिवाय पोटगी आहे, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे. संरक्षण नाही असं चित्र उभं करू नका.

कल्याणी_नाशिक

रोखठोक, वडिलांच्या पैशांचा मुद्दा मला पटतो. लग्नाआधीचं, वारसानं आलेलं किंवा आईवडिलांनी दिलेलं वेगळं ठेवावं. मी म्हणतेय ते लग्नानंतरच्या कमाईबद्दल. हप्ता तुमच्या पगारातून जातो हे खरं, पण तो पगार आणण्यासाठी तुम्ही सकाळी घराबाहेर पडता तेव्हा वडिलांच्या गोळ्या, त्यांचं पथ्याचं जेवण, दारावर आलेला गॅसवाला हे कोण सांभाळतं? ते काम पगाराच्या आतच धरलेलं आहे.

पोटगी आणि राहण्याचा हक्क म्हणजे आश्रय. मालकीत आणि आश्रयात फरक आहे. राहण्याचा हक्क असलेल्या बाईला घर गहाण ठेवून मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढता येत नाही.

आपल्याकडे न्यायालयांनी हे मोल ओळखलेलं आहे, पण भलत्याच जागी. अपघातात गृहिणी गेली तर भरपाई ठरवताना तिचं मानीव उत्पन्न, म्हणजे घरकामाचं अंदाजे मोल, धरावं, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ च्या निकालात स्पष्ट सांगितलं. बाई मेल्यावर तिच्या घरकामाची किंमत होते आणि जिवंत असताना शून्य, हे मला सहन होत नाही. जिवंतपणी हक्क मानणारा निकाल २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं दिला. नवरा सौदीत नोकरीला होता, बायको इकडे घर आणि मुलं सांभाळत होती. त्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिचा वाटा न्यायालयानं मान्य केला. पण तो एका राज्यातला एक निकाल. प्रत्येक बाईनं कोर्टाची पायरी चढावी का?

मांडवीकाठ

गोव्याचं नाव निघालं म्हणून लिहिते. आमचा कायदा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आला. लग्नाची नोंद सिव्हिल रजिस्ट्रारकडे करावीच लागते, आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता आपोआप एकत्र होते. लग्नानंतरचीच नव्हे, आधीची आणि वारशाची सुद्धा. त्यामुळे कल्याणीताई, तुम्ही मागताय ते आमच्या कायद्यापेक्षा सौम्य आहे. आयकरातही आमच्यासाठी वेगळं कलम आहे. पगार ज्याचा त्याच्याकडे मोजतात, पण भाडं, व्याज, धंद्याचा नफा नवरा-बायकोत निम्मा-निम्मा.

याचा रोजच्या आयुष्यात काय फरक पडतो ते सांगते. जमीन किंवा घर विकायचं तर दोघांच्या सह्या लागतात. माझ्या आईला एकदा बाबांनी सांगितलं, "सही कर, गिऱ्हाईक थांबलाय." आईनं कागद उलटून पालटून पाहिला, किंमत विचारली आणि म्हणाली, उद्या सांगते. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत आला आणि भाव वाढवून गेला. आई चौथीपर्यंत शिकलेली. पण आपल्या सहीशिवाय काम अडतं हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि बाबांनाही.

आता दुसरी बाजू. त्याच संहितेनं मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडे दिला. मालकी निम्मी, पण व्यवहार तो पाहणार. आणि माहेरच्या वाट्यावर पाणी सोडायला बहिणींना आमच्याकडेही गोड बोलून रजिस्ट्रारकडे नेतात. निम्मी मालकी असूनही आई बाबांच्या आधी कधी जेवली नाही. म्हणजे कायद्यानं सहीची ताकद मिळाली, पण ताट कोणी वाढायचं ते बदललं नाही.

दुहेरी_हप्ता

मांडवीकाठ, तुमचं शेवटचं वाक्य म्हणजे माझं घर.

माझं नाव कागदावर आहे, पहिल्या दिवसापासून. कर्जात सहकर्जदार आहे, निम्मा हप्ता माझ्या खात्यातून जातो. सकाळी साडेपाचला कुकर मीच लावते, कणीक मीच मळते, आठ वाजून पाचची लोकल मीच धावत पकडते. नाव लागल्यानं माझ्यावर एक ओझं वाढलं. आधी फक्त घर माझ्या डोक्यावर होतं, आता बँकही आहे. नोकरी सोडावी असं कितीही वाटलं तरी सोडता येत नाही, कारण हप्ता थकला तर बँक माझ्याही दारात येणार.

म्हणून कल्याणी, "भांडी नंतर" हे मला मान्य नाही. तुमच्या त्या एका मिनिटाच्या घटीतली बाई मी आहे. मला उद्या फ्लॅटमधला पाऊण हिस्सा दिला तरी माझी झोप वाढणार नाही. वेळ हीच माझी मालमत्ता आहे आणि ती रोज माझ्याकडून न विचारता काढून घेतली जाते.

कपाशीचं_रान

मी खान्देशातला. शहरातल्या फ्लॅटवर तुमचं चाललंय, पण आमच्याकडं हिशोब वेगळा आहे.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ साली चांदवडला बायांचं अधिवेशन घेतलं. लाखानं बाया आल्या होत्या, माझी आजी त्यात होती. पुढं लक्ष्मी मुक्तीची मोहीम निघाली. नवऱ्यानं आपण होऊन थोडी जमीन बायकोच्या नावावर करायची. आमच्या जळगाव जिल्ह्यात विटनेरसारख्या गावांनी ते करून दाखवलं. नंतर सरकारनंही नवऱ्याच्या अर्जावर सात-बाऱ्याला बायकोचं नाव लावायची सोय केली. तलाठ्याकडं अर्ज द्यायचा, फेरफार होतो.

सात-बाऱ्यावर नाव नसलं की बाईला पीक कर्ज नाही, किसान सन्मानचे पैसे नाहीत. निंदणी, खुरपणी, वेचणी सगळी तिची, पण शेतकरी म्हणून कागद तिला ओळखत नाही. नवऱ्यानं फास घेतला की मग ती वारस नोंदीसाठी हेलपाटे घालते. हे मी शेजारच्या बांधावर पाहिलंय.

पण कल्याणीताई, तुम्ही म्हणता वारशाचं वगळा. आमची जमीन जवळजवळ सगळी बापजाद्यांची. लग्नानंतर कमावलेलं काय, तर एखादी मोटरसायकल आणि गावच्या विकास सोसायटीचं पीक कर्ज. म्हणजे तुमच्या कायद्यानं कोथरूडच्या बाईला निम्मा फ्लॅट आणि माझ्या बायकोला निम्मं कर्ज. कायदा करायचा तर आमच्या बायांचा विचार करून करा.

मी स्वतः अर्धा एकर बायकोच्या नावावर केलाय. भावकी अजून टोमणे मारते.

रोखठोक_कोथरूड

कपाशीचं रान, तुम्ही केलंत ते आपण होऊन केलंत, म्हणून त्याला किंमत आहे. माझं म्हणणं एवढंच आहे. सक्तीनं केलं की नवरा-बायकोत हिशोब सुरू होतो. लोक मालमत्ता आईच्या नावावर घ्यायला लागतील, कंपनीच्या नावावर दाखवतील. पळवाटा शोधण्यात आपण कमी नाही. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. किती जण ते बायकोला मालक करायचं म्हणून घेतात आणि किती जण फक्त सूट हवी म्हणून?

कल्याणी_नाशिक

सूट हवी म्हणून घेऊ देत. नाव लागलं की लागलं, हेतू कागदावर उतरत नाही. मला त्या योजनेत खटकतं ते वेगळंच. सूट फक्त बाईच्या एकटीच्या नावावर, किंवा सगळ्या खरेदीदार बायाच असतील तर. नवरा-बायकोनं मिळून घर घेतलं तर सूट नाही. दोघांच्या नावाला उत्तेजन द्यायला हवं होतं.

आणि आपण होऊन करण्याबद्दल म्हणाल, तर मोहीम निघून तीन दशकं उलटली. मर्जीवर सोडल्यामुळे किती सात-बारे बदलले ते आपल्या आपल्या गावात बघा. कपाशीचं रान यांना टोमणे ऐकावे लागतात ते याच कारणानं. सगळ्यांनाच करावं लागलं असतं तर त्यांना कोण बोललं असतं?

पोळीभाजी_केंद्र

मी सहसा लिहीत नाही, वाचते. पण कुणी माझ्यासारखीचं बोलेना म्हणून लिहिते.

माझा नवरा पितो. लग्नाला बरीच वर्षं झाली, एकही वर्ष त्यानं घरात धड पैसा दिला नाही. मी आधी चार घरी पोळ्या केल्या, मग बचत गटातून कर्ज घेऊन केंद्र टाकलं. त्यातून एक खोली घेतली, माझ्या एकटीच्या नावावर. रजिस्ट्रार ऑफिसात अंगठ्याचा ठसा आणि फोटो देताना माझे हात थरथरत होते. ताई, तुमचा निम्म्या-निम्म्याचा कायदा आला तर या खोलीतली निम्मी त्याची होणार ना? तो महिन्याभरात विकून पिऊन टाकेल. आजचा कायदा म्हणतो ज्याचं नाव त्याचं घर. माझ्यासारखीला तोच कायदा वाचवतो.

मांडवीकाठ

ताई, तुमचा प्रश्न खरा आहे. आमच्या संहितेत यावर थोडा उपाय आहे. नवऱ्याच्या उधळपट्टीमुळे बायकोच्या वाट्याला धोका असेल तर घटस्फोट न घेताही कोर्टाकडून मालमत्ता वेगळी करून घेता येते. पण त्यासाठी वकील आणि तारखा. पोळ्यांच्या ऑर्डरी सोडून कोर्टात बसायचं, हे बोलायला सोपं आहे.

दुहेरी_हप्ता

हे वाचून वाटतं की सरसकट निम्मं नकोच. ज्यानं घराला काहीच दिलं नाही, ना पैसा ना काम, त्याला हिस्सा कशाचा?

कल्याणी_नाशिक

पोळीभाजी_केंद्र, तुमचं लिहिणं वाचून मी मांडणी बदलते आहे. निम्मा हिस्सा गृहीत धरायचा, पण ज्यानं संसार टाकला, मारहाण केली किंवा घराला कधी हातभारच लावला नाही, त्याला तो मिळू नये. आणि हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर नसावं. हिस्सा मागायला येणाऱ्यानं दाखवावं की त्यानं या घरासाठी काय केलं. काकूंना ते दाखवता आलं असतं. पाटल्यांची पावती नसली तरी शेजारीपाजारी, मुलं, अख्खी चाळ साक्षीला होती. तुमच्या नवऱ्याला दाखवता येणार नाही.

दुहेरी_हप्ता, घराला दिलेलं म्हणजे फक्त पैसा नव्हे, हे याच कलमात लिहावं लागेल. तुमचे साडेपाचपासूनचे तासही त्यात मोजले जावेत. मग रोखठोक यांनी विचारलेल्या समानतेचा हिशोबही तिथेच होईल.

कपाशीचं_रान

आणि जमिनीचं?

कल्याणी_नाशिक

वारशाच्या जमिनीत मालकी नाही म्हटली, तरी जी कसते तिचं नाव कसणारी म्हणून सात-बाऱ्यावर यावं, म्हणजे कर्ज आणि विमा तिच्या नावानं मिळेल. हे नवऱ्याच्या अर्जावर नको, तिच्या अर्जावर हवं. भावकीचा यात हिस्सा जात नाही, तेव्हा त्यांनी कुरकुर करायचं कारण नाही. तुमच्याकडे तलाठी असा अर्ज घेईल का, विचारून सांगाल?