मदत हवी आहे: 'कट' सांगितलं की मुलं सी-ए-टी लिहितात

मराठी माध्यम, इयत्ता तिसरी. सी-ए-टी 'कॅट' असं बरोबर वाचतात, पण 'कट' लिहायला सांगितलं की पुन्हा सी-ए-टीच. कमल, गगन अशी नावं इंग्रजीत लिहिताना 'अ'साठी ए वापरायची सवय झालेली असते, तीच इथे आड येते. ऐकण्यात गोंधळ नाही, फक्त लिहिताना होतो.

सध्या कॅप-कप, बॅग-बग, हॅट-हट, फॅन-फन या जोड्या आधी तोंडी, मग मधलं अक्षर गाळून श्रुतलेखनाला देते. 'पुट', 'पुल' मुद्दाम मागे ठेवलेत, कारण तिथे यूचा उच्चार उ होतो.

नावांची स्पेलिंगं तोवर थांबवावीत का? की नाव आणि शब्द शेजारी लिहून फरक दाखवावा? आणि पिन-पेन लगेच घ्यावं की यू पक्का झाल्यावर? प्राथमिकला शिकवणाऱ्यांनी कृपया सांगा.