मदत हवी आहे: ब्रुसेलाचा जंतू गाईचा की शेळीचा, हे कुठे कळेल?

फलटणजवळ आमचा गोठा आहे, थोरला भाऊ बघतो. संकरित गाई, दोन म्हशी आणि वहिनीच्या उस्मानाबादी शेळ्या. सगळ्यांचं पाणी एकाच हौदावर. दिवाळीनंतर दोन गाई सातव्या-आठव्या महिन्यात गाभडल्या, दोघींची वार अडकली. त्याआधी एका शेळीनेही गाभ टाकला होता, पण शेळीचं कोण एवढं मनावर घेतं! वार काढायला भाऊच पुढे, हातमोजे नाहीत. काही आठवड्यांनी त्याला ताप सुरू झाला. सकाळी ठीक, संध्याकाळी अंग तापतं, रात्री बनियन पिळावं इतका घाम, कंबर धरलेली. टायफॉइडची औषधं झाली. मग एका डॉक्टरांनी "घरी गुरं आहेत का?" विचारलं आणि ब्रुसेलाची, म्हणजे गुरांपासून माणसाला लागणाऱ्या जंतूची, तपासणी करायला लावली. पॉझिटिव्ह. दोन्ही गाईही 'रोझ बेंगॉल' नावाच्या अँटिबॉडीच्या तपासणीत पॉझिटिव्ह.

भावाचे उपचार चालू आहेत, त्यावर सल्ला नको. प्रश्न वेगळा आहे. रिपोर्टवर नुसतं 'ब्रुसेला' लिहिलंय. हा गाईंचा अबॉर्टस की शेळ्यांचा मेलिटेन्सिस? भावाच्या अंगातला आणि गोठ्यातला जंतू एकच आहे का? जनुकीय तपासणीतून कळतं असं वाचलं, पण खाजगी लॅबमध्ये विचारलं की पुन्हा अँटिबॉडीचीच तपासणी सांगतात. घरात यावरून धुसफूस चालू आहे. भाऊ म्हणतो शेळ्या काढून टाकू, वहिनी म्हणते बाजारातून आणलेल्या गाईनेच रोग आणला. शिवाय त्या दोन गाईंपैकी एकीला कालवड असताना सरकारी लस टोचलेली आहे. लसीमुळेच पॉझिटिव्ह येतं का?

अगरप्लेट:
अँटिबॉडीची तपासणी दहा वेळा केलीत तरी प्रजाती कळणार नाही. अबॉर्टस आणि मेलिटेन्सिस यांच्या बाहेरच्या आवरणातली साखरेची साखळी इतकी सारखी असते की एकाविरुद्ध तयार झालेली अँटिबॉडी दुसऱ्यालाही चिकटते. जंतू किंवा त्याचा डीएनए हाती लागला तरच पुढची गोष्ट.

डीएनए मिळाला की प्रजाती ओळखणं सोपं. 'ब्रूस-लॅडर' नावाची पीसीआर आहे. तिच्यात अबॉर्टस, मेलिटेन्सिस आणि लसीचे प्रकार वेगळे दिसतात. भावाचा आणि गाईचा जंतू 'तोच' आहे का, हे ठरवणं मात्र कठीण, कारण ब्रुसेला जनुकांच्या बाबतीत भलताच एकसुरी आहे. तुलनेला ई. कोलाय हा आतड्यातला जंतू घ्या. गुरांच्या आतड्यात राहून माणसाला आजारी पाडणाऱ्या ओ157 मध्ये प्रयोगशाळेतल्या के-12 मध्ये नसलेली 1300हून जास्त जनुकं आहेत, आणि दोघांनाही आपण ई. कोलायच म्हणतो! ब्रुसेलाची मात्र दोन गुणसूत्रं मिळून जेमतेम 33 लाख अक्षरं, प्लाझ्मिड (मुख्य गुणसूत्राबाहेरचा डीएनएचा सुटा तुकडा) नाही, आणि मुख्य प्रजातींचाही डीएनए 90 टक्क्यांहून जास्त सारखा. पेशीच्या आत दडून राहणारा हा जंतू बाहेरच्यांशी जनुकांची देवाणघेवाण फारशी करत नाही.

म्हणून फरक शोधायला त्याच्या डीएनएत 16 ठिकाणी छोटे तुकडे किती वेळा पुन्हा पुन्हा आलेत ते मोजतात. या पद्धतीला एमएलव्हीए म्हणतात. आकडे जुळले नाहीत तर भावाला दुसरीकडून लागण झाली असावी. जुळले तर लगेच निकाल लावू नका. अख्ख्या गावाचं आडनाव एकच असेल तर आडनावावरून घर सापडत नाही, तसं आहे हे. परिसरात तोच प्रकार पसरलेला असू शकतो. पूर्ण जीनोम, म्हणजे जंतूचा सगळा डीएनए, वाचून एकेका अक्षराचे फरक मोजले तर जास्त खात्री येते.

माळरान:
मी पशुवैद्यक आहे. लसीचं सांगतो. ती स्ट्रेन 19. 1923 साली अमेरिकेत एका जर्सी गाईच्या दुधातून निघालेला जंतू प्रयोगशाळेत वर्षभर तसाच पडून राहिला आणि सौम्य झाला, त्याचीच ही लस. गाई-शेळ्यांच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची साखर भरपूर असते आणि रानटी अबॉर्टसला ती आवडते, म्हणून तो तिथे बेसुमार वाढतो. स्ट्रेन 19 मध्ये ती साखर पचवण्याच्या जनुकांतला सुमारे 700 अक्षरांचा तुकडा गळालेला आहे, म्हणून ब्रूस-लॅडरमध्ये तो वेगळा ओळखू येतो. 4 ते 8 महिन्यांच्या वयात टोचलेली असेल तर अँटिबॉडी बहुतेक जनावरांत गाय मोठी होईपर्यंत उतरते. त्यात गाय गाभडलीये, तेव्हा 'लसीमुळे आलं असेल' म्हणून सोडून देऊ नका.

भांडणाबद्दल: एकाच हौदावर पाणी पीत असतील तर मेलिटेन्सिस गाईतही जातो. भूमध्य समुद्राच्या काठच्या काही देशांत हे नेहमीचं आहे. तेव्हा शेळ्या काढल्या तरी गोठा साफ झाला असं समजू नका. आणि 'बाजार दाखव' हा सल्ला गावात हमखास मिळेल, तो ऐकू नका. पॉझिटिव्ह जनावर विकलं की रोग पुढच्या दावणीला. गाईंना औषधं देऊन हा रोग जात नाही. वेगळं बांधा, चारा-पाणी वेगळं करा.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. मग नमुना कशाचा द्यायचा? भावाचं रक्त चालेल?

अगरप्लेट:
अँटिबायोटिक सुरू झाल्यावर रक्तातून जंतू वाढण्याची शक्यता फार कमी. तरी डॉक्टरांना विचारा, आधीच्या कल्चरची (रक्तातला जंतू वाढवून बघायच्या तपासणीची) बाटली कुठे ठेवलेली असेल तर नशीब. आणि कुठल्याही लॅबला नमुना देताना 'ब्रुसेलाचा संशय' हे ठळक लिहा. प्रयोगशाळेतल्या माणसांना लागण होणाऱ्या रोगांत हा अगदी वरच्या नंबरला आहे, उघड्या टेबलावर कुणी वाढवायला नको.

माळरान:
गुरांकडून मात्र मिळेल. गाभडलेल्या वासराच्या पोटातलं पाणी, वारेचा तुकडा, योनीतला स्राव, पॉझिटिव्ह जनावरांचं दूध. तुम्ही स्वतः हात लावू नका, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, ते बर्फात घालून पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवतील. जनुकीय प्रकार काढायचा तर तिथूनच पुढे बंगळूरुच्या निवेदी या जनावरांच्या रोगांवरच्या संशोधन संस्थेकडे किंवा इज्जतनगरच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेला पाठवता येईल का, हे लेखी विचारा.

गोठ्यात अजून कोण गाभण आहे?

धागाकर्ता:
एक म्हैस आणि दोन शेळ्या. एका शेळीने कास केलीये, आठवडाभरात वेल. वहिनी खरवसाची वाट बघतेय.

माळरान:
शेळी आजच वेगळ्या खोपटात हलवा. वेताला मोजे, मास्क, गमबूट घालूनच जा. वार कुत्र्याला टाकू नका, चुना घालून खोल पुरा. चीक कुणीही कच्चा चाखायचा नाही, आणि तपासणी होईपर्यंत त्या शेळीचा खरवस राहू द्या. करडू जगो न जगो, वेल्याबरोबर दवाखान्याला फोन करा. वारेचा तुकडा तेव्हाच मिळतो.