मदत हवी आहे: स्प्रिंग इंटिग्रेशनमध्ये मेसेजचा मेटाडेटा टेबलात ठेवायचाय, पण फसलेल्या मेसेजची नोंदच उरत नाही

खटपट्या:

नमस्कार मंडळी,

स्प्रिंग बूट आणि स्प्रिंग इंटिग्रेशनवर (मेसेज एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर नेणारं फ्रेमवर्क) चालणारं एक जावा ॲप्लिकेशन आहे. जेएमएस क्यूवर (जावातली मेसेजची रांग) ऑर्डरचा एक्सएमएल येतो, स्प्लिटर त्याचे आयटमप्रमाणे तुकडे करतो, ट्रान्सफॉर्मर प्रत्येक तुकड्याचं जेसन करतो आणि ते एचटीटीपीने दुसऱ्या सिस्टीमकडे जातं. थोड्या ऑर्डरी एसएफटीपीवरच्या फाइलींमधून येतात. (क्लासची नावं उच्चाराप्रमाणे लिहितोय, आयडीईत शोधताना तेवढं सांभाळून घ्या.)

सपोर्टवाल्यांचा रोजचा प्रश्न एकच: "अमुक ऑर्डर आली होती का? आली असेल तर अडकली कुठे?" आत्ता त्यासाठी लॉग उपसावे लागतात. म्हणून एक टेबल हवंय: मेसेज कुठून आला, कधी आला, कुठल्या टप्प्यावर आहे, फसला तर का. पेलोड (मेसेजचा मूळ मजकूर) नकोय, फक्त मेटाडेटा (मेसेजबद्दलची माहिती).

आधी जेडीबीसी मेसेज स्टोअर लावून पाहिलं. टेबल भरतं, पण अख्खा मेसेज सिरियलाइझ होऊन ब्लॉबमध्ये (कच्च्या बाइटांच्या कॉलमात) जातो, त्यावर एसक्यूएल काय चालवणार? नावावरून वाटलं की जेडीबीसी मेटाडेटा स्टोअर हेच आपलं काम, तर त्यात की, व्हॅल्यू आणि रीजन एवढेच कॉलम.

सध्या प्रत्येक महत्त्वाच्या चॅनलवर वायर टॅप (तोच मेसेज बाजूच्या चॅनलकडेही पाठवणारा घटक) टाकलाय. टॅपचा चॅनल डायरेक्ट आहे, त्यावरचा सर्व्हिस ॲक्टिव्हेटर (मेसेज आला की आपली मेथड चालवणारा घटक) हेडरमधले आयडी आणि टाइमस्टॅम्प काढून जेडीबीसी टेम्प्लेटने इन्सर्ट करतो. दोन अडचणी आहेत.

एक, एकाच ऑर्डरच्या "आला" आणि "पाठवला" या नोंदींचे आयडी वेगवेगळे पडतात. जोडायचे कसे?

दोन, आणि हीच खरी डोकेदुखी: मेसेज नीट पोचला तर सगळ्या नोंदी दिसतात. मध्येच एक्सेप्शन आलं तर त्या मेसेजची एकही नोंद नाही, "आला" हीसुद्धा नाही. लॉगमध्ये मात्र इन्सर्ट झाल्याचं स्पष्ट दिसतं. क्यूवरून मेसेज उचलल्यापासून एचटीटीपीपर्यंत सगळं लिसनरच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकतर सगळं कायम होतं, नाहीतर सगळं मागे फिरतं, म्हणजे रोलबॅक) चालतं, त्याचा संबंध असावा असा अंदाज आहे. पण ट्रान्झॅक्शन काढून टाकता येणार नाही, कारण वाटेत ऑर्डर आमच्या टेबलांतही लिहिली जाते.

दोरीचा साप:

पहिल्या अडचणीचं सांगतो. स्प्रिंगमध्ये मेसेजचे हेडर बदलता येत नाहीत. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर, स्प्लिटर, एन्रिचर, कुणीही हात लावला की नवा मेसेज जन्माला येतो, आणि त्याला नवा आयडी आणि नवा टाइमस्टॅम्प मिळतो. तो आयडी त्या ऑब्जेक्टचा आहे, तुमच्या ऑर्डरचा नव्हे. टाइमस्टॅम्पचंही तेच, "कधी आला" या कॉलमात तो भरत असाल तर प्रत्येक टप्प्यावर वेगळी वेळ पडत असेल.

दारातच, म्हणजे इनबाउंड ॲडॉप्टरनंतर लगेच, हेडर एन्रिचर लावा आणि स्वतःचं "मागोवा" हेडर घाला. त्यात एक यूयूआयडी (दर वेळी नवा, वेगळा ओळखक्रमांक) स्ट्रिंग करून ठेवा. आलेली वेळही तिथेच वेगळ्या हेडरात टाका. पुढचे घटक हे हेडर आपोआप नव्या मेसेजवर उतरवतात.

याला एक अपवाद आहे. ट्रान्सफॉर्मरच्या मेथडमधून नुसता पेलोड परत दिला तर जुने हेडर सोबत येतात. पण मेथड स्वतः मेसेज बांधून परत देत असेल तर फ्रेमवर्क हेडरला हात लावत नाही, तिथे तुम्हालाच कॉपी करावे लागतात. मधूनच मागोवा रिकामा यायला लागला तर पहिला संशय तिथे घ्या.

स्प्लिटरनंतर कोरिलेशन आयडी या हेडरमध्ये मूळ मेसेजचा आयडी येतो, शिवाय सिक्वेन्स नंबर आणि सिक्वेन्स साइज. यांतला सिक्वेन्स नंबर टेबलात जरूर ठेवा, कुठला आयटम अडकला ते त्यावरून कळेल.

रात्रपाळी:

दुसऱ्या अडचणीबद्दल तुमचा अंदाज बरोबर आहे. वायर टॅप म्हटलं की वाटतं बाजूने वेगळी वाट फुटली. पण टॅपचा चॅनल डायरेक्ट असेल तर काम त्याच थ्रेडवर होतं, आणि ट्रान्झॅक्शन थ्रेडला बांधलेलं असतं. म्हणजे तुमचा इन्सर्ट मुख्य ट्रान्झॅक्शनच्याच पोटात आहे. एक्सेप्शन आलं, रोलबॅक झाला, ऑर्डरसोबत नोंदही गेली. लॉगमधली ओळ तेवढी राहते, कारण लॉगला रोलबॅक नसतो!

उलटा धोकाही लक्षात घ्या. या मांडणीत नोंदीचा इन्सर्ट फसला, समजा कॉलम लहान पडला, तर ते एक्सेप्शन टॅपमधून मुख्य प्रवाहात येतं आणि धडधाकट ऑर्डर परत फिरते. नोंदवहीपायी गिऱ्हाईक परत पाठवल्यासारखं. म्हणून नोंद लिहिणाऱ्या कोडभोवती ट्राय-कॅच हवाच.

वाटा दोन आहेत. पहिली, टॅपच्या चॅनलला एक्झिक्युटर द्यायचा. थ्रेड वेगळा, म्हणून ट्रान्झॅक्शन वेगळं. सोपं आहे, पण नोंदी मागेपुढे होतात आणि प्रोसेस मध्येच मेली तर एक्झिक्युटरच्या रांगेत थांबलेल्या नोंदी मेमरीसोबत जातात. शिवाय मुख्य काम रोलबॅक झालं तरी "ऑर्डर टेबलात लिहिली" ही नोंद दिमाखात उभी राहू शकते. सपोर्टच्या प्रश्नाला उत्तर द्यायला बसलेलं टेबल खोटं बोललं तर लॉग उपसणं बरं.

दुसरी वाट मला जास्त पटते. नोंद लिहिणारी मेथड वेगळ्या बीनमध्ये (स्प्रिंग सांभाळतं त्या ऑब्जेक्टमध्ये) ठेवा आणि तिचं प्रोपगेशन "रिक्वायर्स न्यू" करा, म्हणजे ती दर वेळी स्वतंत्र ट्रान्झॅक्शन उघडते. वेगळ्या बीनमध्ये का, तर त्याच क्लासमधून बोलावलेल्या मेथडवर प्रॉक्सी (ट्रान्झॅक्शन उघडणारं स्प्रिंगचं वेष्टण) चालत नाही, ॲनोटेशन नुसतं शोभेला राहतं. पण सगळ्याच नोंदींना हे लावू नका. "आला" आणि "फसला" स्वतंत्र ट्रान्झॅक्शनमध्ये, कारण काहीही झालं तरी त्या टिकायला हव्यात. "ऑर्डर टेबलात लिहिली" ही नोंद मुख्य ट्रान्झॅक्शनमध्येच ठेवा, ऑर्डर गेली तर तीही जायला हवी. एचटीटीपीचं मात्र वेगळं आहे. समोरच्याला गेलेली रिक्वेस्ट रोलबॅकने परत येत नाही, म्हणून उत्तर आल्याबरोबर "पाठवला" स्वतंत्रपणे लिहून टाका, पाठवला हे तेव्हा खरंच असतं.

आता कनेक्शन पूल, म्हणजे डेटाबेसच्या तयार कनेक्शनांचा साठा. रिक्वायर्स न्यूमध्ये बाहेरचं ट्रान्झॅक्शन आपलं कनेक्शन धरून ठेवतं आणि आतलं दुसरं मागतं. स्प्रिंग बूटमधल्या हिकारी पूलची कमाल मर्यादा मुळात १० आहे. क्यूवर १० कन्झ्युमर एकाच वेळी काम करत असतील आणि दहाही जणांनी एकेक धरून दुसऱ्याची वाट पाहायला सुरुवात केली, तर कुणीच सुटत नाही. मुळातला टाइमआउट ३० सेकंदांचा. तेवढा वेळ सगळं ठप्प, मग एक्सेप्शनांचा पाऊस. टेस्टमध्ये एकेक मेसेज सोडून बघितलं तर हे दिसणारच नाही, भार आला की उघडं पडतं.

हिकारीवाल्यांनीच दिलेला हिशोब असा: थ्रेडची संख्या गुणिले (एका थ्रेडला एकाच वेळी लागणारी कनेक्शन वजा १), अधिक १. तुमच्या बाबतीत १० × (२ − १) + १ = ११. हे फक्त कोंडी होऊ नये म्हणून लागणारं किमान आहे, प्रत्यक्षात मोकळीक ठेवा. किंवा नोंदींसाठी लहानसा वेगळा पूल करा, त्याला त्याचा वेगळा ट्रान्झॅक्शन मॅनेजर द्या. मी तेच सुचवेन.

खटपट्या:

@रात्रपाळी, एवढं उलगडून सांगितल्याबद्दल मनापासून आभार. "फसला" ही नोंद लिहायची कुठून? प्रत्येक घटकात ट्राय-कॅच घालायची इच्छा नाही.

रात्रपाळी:

एरर चॅनलवरून (एक्सेप्शन जिथे पाठवली जातात तो चॅनल). तिथे येणाऱ्या एरर मेसेजचा पेलोड बहुधा मेसेजिंग एक्सेप्शन असतो आणि त्याच्या पोटात फसलेला मेसेज असतो. त्याच्या हेडरमधून मागोवा काढा.

फक्त एक सांभाळा. जेएमएसच्या मेसेज-ड्रिव्हन ॲडॉप्टरला एरर चॅनल दिला आणि तिथला फ्लो बिनबोभाट संपला, तर कंटेनरच्या दृष्टीने सगळं आलबेल असतं. कमिट होतो, मेसेज क्यूवरून जातो आणि पुन्हा येत नाही. नोंद लिहून झाली की एक्सेप्शन पुन्हा फेका. एसएफटीपीच्या बाजूला पोलर (ठरावीक वेळाने नव्या फाइली बघणारा) आहे, तिथे एरर चॅनल ट्रान्झॅक्शन आटोपल्यावर चालतो, त्यामुळे ही भानगड नाही.

पाणवठा:

दोरीचा साप यांचा यूयूआयडीचा सल्ला इथे अडेल. एक्सेप्शन पुन्हा फेकलं की जेएमएस तोच मेसेज परत देणार. तो दारातून पुन्हा आत येणार आणि एन्रिचर त्याला नवा यूयूआयडी देणार. म्हणजे तीनदा आपटलेली एक ऑर्डर टेबलात तीन वेगळ्या ऑर्डरी म्हणून दिसेल.

क्यूच्या बाजूला मागोवा म्हणून जेएमएस मेसेज आयडी घ्या, ॲडॉप्टर तो हेडरमध्ये देतोच. पुन्हा आला तरी तोच राहतो. कितव्यांदा आलाय ते डिलिव्हरी काउंटवरून कळतं, त्याला "प्रयत्न" असा वेगळा कॉलम द्या. फाइलींसाठी नाव पुरणार नाही, त्याच नावाची फाइल दुसऱ्या दिवशी येऊ शकते. नाव आणि मजकुराचा चेकसम (मजकुरावरून काढलेला आकडा) मिळून की बनवा.

जुनी नोंद अपडेट करत बसू नका, प्रत्येक घटनेला नवीन ओळ. मागोवा, सिक्वेन्स नंबर, टप्पा आणि प्रयत्न यांवर युनिक इंडेक्स. स्प्लिटरच्या आधी सिक्वेन्स नंबर नसतो, तिथे नल न ठेवता ० लिहा. बऱ्याच डेटाबेसांत युनिक इंडेक्समध्ये नल एकमेकांशी जुळत नाहीत आणि डुप्लिकेट आरामात घुसतात.

हेही बघा, मागोवा पुढे दुसऱ्या जेएमएस क्यूवर न्यायचा असेल तर हेडरच्या नावात डॅश नको, जेएमएस प्रॉपर्टीच्या नावांना जावाच्या आयडेंटिफायरसारखेच नियम आहेत. एचटीटीपीच्या आउटबाउंडला आपले हेडर आपोआप जात नाहीत, मॅपिंगच्या यादीत नाव द्यावं लागतं.

टिकलीएवढं:

एवढा खटाटोप कशाला? मायक्रोमीटर ट्रेसिंग (मेसेजचा टप्प्याटप्प्याचा प्रवास टिपणारं साधन) चालू करा, सगळा प्रवास चित्रात दिसेल.

पाणवठा:

चित्र छान दिसतं, पण स्प्रिंग बूटमध्ये सॅम्पलिंग मुळात ०.१ असतं, म्हणजे दहातला साधारण एकच प्रवास टिपला जातो. ते वाढवता येतं, तरी "अमुक ऑर्डर आली का" याला हो किंवा नाही असं ठाम उत्तर हवंय. ट्रेसिंग वेग आणि अडथळे बघायला ठेवा.

दोरीचा साप:

यूयूआयडीबाबत पाणवठा यांचं बरोबर, माझा सल्ला फाइलींपुरताही नको.

अख्खा हेडर मॅप जेसन करून एका कॉलमात कोंबायचा मोह होईल, तो टाळा. त्यात रिप्लाय चॅनलसारखे चालू ऑब्जेक्ट असतात, आणि ऑथरायझेशनचं टोकन चुकून टेबलात गेलं तर वेगळंच प्रकरण. हवे ते हेडर नावाने निवडा. एररचा मजकूर कापून ठेवा, पण कापताना अक्षरं मोजताय की बाइट ते बघा. देवनागरीतलं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. कॉलमची मर्यादा बाइटमध्ये असेल तर मराठी एररच नोंद फोडेल.

खटपट्या:

बदल करून टेस्टवर चढवलं. वेगळा पूल, "आला", "पाठवला" आणि "फसला" स्वतंत्र ट्रान्झॅक्शनमध्ये, मागोवा जेएमएस आयडीवरून. मुद्दाम एचटीटीपीचा पत्ता बिघडवून मेसेज सोडला: एक "आला", एक "फसला", मग प्रयत्न २ चा "आला", त्याचा "फसला". मागोवा सगळीकडे तोच.

एक शेवटचं. फाइलींच्या बाजूला सिक्वेन्स साइज कायम ० येतोय. तिथला स्प्लिटर इटरेटर (मागेल तसा एकेक तुकडा देणारा) देतो, मोठ्या फाइली मेमरीत घ्यायच्या नाहीत म्हणून.

पाणवठा:

इटरेटर असला की पुढे किती आहेत हे स्प्लिटरला माहीतच नसतं, म्हणून ०. फाइल संपली की एकूण आकडा "फाइल संपली" अशा वेगळ्या टप्प्याच्या नोंदीत लिहा आणि "पाठवला" नोंदींची वेगवेगळ्या सिक्वेन्स नंबरप्रमाणे मोजणी त्याच्याशी ताडून बघा. साधा काउंट नको, पुन्हा पाठवलेले दोनदा मोजले जातील.