येऊरची गदांबी आणि सोसायटीतला नागदवणा एक नव्हेत

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातलं एक आणि सोसायटीच्या बागेतलं एक, अशा दोन रोपांच्या फक्त पानांच्या फोटोवरून 'दोन्ही गदांबीच' असं वरच्या चर्चेत ठरवून टाकलंय, ते मला पटत नाही. दोन्ही रोपं क्रायनम या कांदेवाल्या फुलझाडांच्या गटातली, आणि क्रायनमची पानं हमखास फसवतात. फूल उमलेपर्यंत थांबायला हवं.

येऊरच्या जंगलात पहिल्या पावसाच्या सुमारास फुलते ती गदांबी, म्हणजे क्रायनम लॅटिफोलियम. पाकळ्या रुंद, पांढऱ्या, मधोमध गुलाबी पट्टा. पण रंगावर जाऊ नका, फुलाची नळी, म्हणजे पाकळ्यांखालचा नळीसारखा भाग, बघा. ती वाकलेली असते, त्यामुळे फूल एका अंगाला कलतं आणि पुंकेसरही त्याच बाजूला झुकतात. इतकी सुरेख खूण दुसरी नाही!

सोसायटीच्या बागेतल्या नागदवण्याची (क्रायनम एशियाटिकम) नळी सरळसोट. अरुंद पाकळ्या चांदणीसारख्या पसरलेल्या, पुंकेसरांचे तंतू लालसर-जांभळे. शिवाय जमिनीवर जाडजूड खोडासारखा भाग दिसतो. गदांबीचा कांदा मातीतच असतो.

फूल नागदवण्यासारखंच, पण रोप लहान, पानं अरुंद आणि जागा ओढ्याकाठची असेल तर क्रायनम विविपेरम तपासा.

आणि पुंकेसरांना तळाशी जोडणारा पातळ पांढरा कप दिसला, तर ते क्रायनम नाहीच. नवी मुंबईत शोभेसाठी लावतात ती स्पायडर लिली अशीच, मूळची अमेरिकेची.

पुढचा फोटो बाजूने, नळीसकट काढा. ओळख पटवायला कांदा मात्र कृपया उपटू नका, येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं.