मदत हवी आहे: बॅटरी नवी, तरी गाडी सकाळी रुसते

नमस्कार मंडळी, आमची जुनी पेट्रोल गाडी आहे, कार्बोरेटरवाली, इलेक्ट्रॉनिक इग्निशनची, मालवणात घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर त्यामुळे खारा वारा चोवीस तास, टर्मिनलवर दर महिन्याला हिरवट भुकटी धरते, गरम पाणी ओतून घासतो, व्हॅसलीन लावतो पण परत तेच.

बॅटरी बदलून दोनच महिने झालेत. बंद गाडीत मीटरवर 12.5 व्होल्ट दाखवतं, चालू केल्यावर 13.9, पण हेडलाईट नि वायपर लावले की 12.8 वर येतं, रेस दिली तरी जेमतेम 13. मेकॅनिक म्हणतो अख्खा अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करतो तो) बदला. मला वाटतं त्यातले कार्बन ब्रश झिजलेत नाहीतर अर्थिंगची वायर गंजली असावी, कारण इंजिन चालू असताना इंजिन ब्लॉक ते बॅटरी निगेटिव्ह 0.6 व्होल्ट मिळाले, एवढे असतात का ओ?

दुसरं म्हणजे पावसात सकाळी मिसिंग करते (नीट पेट घेत नाही), डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना करंट वाटतो तो) कॅप काढली तर आतून घाम फुटल्यासारखी ओली, पुसली की पठ्ठी लगेच सुरू! कॅपच बदलू की आधी प्लगच्या वायरी बघू? गणपतीला मुंबईचे पाहुणे यायच्येत, स्टेशनवर जायचंय, कोणीतरी सांगा रे लवकर.