प्रतिसाद: गाडी नसेल तर मळवली

मुंबईहून गाडीशिवाय सहलीला जायचं तर माथेरानच, असं वर एका ताईंनी लिहिलंय. माथेरान छानच आहे, गावात मोटारी नाहीत, १९०७ पासूनची छोटी रेल्वे आहे. पण सुट्टीच्या दिवशी तिथली गर्दी मला सोसत नाही. आमचं घर वर्षातून दोनदा तरी मळवलीला जातं.

सकाळच्या पुण्याच्या गाडीने लोणावळा, तिथून पुणे लोकल, पुढचंच स्टेशन मळवली. उतरलं की चालत द्रुतगती मार्ग ओलांडून भाजे गाव. लेणी पायऱ्या चढून लगेच. चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या बौद्ध प्रार्थनागृहात गेलात की मान वर करून छत नक्की बघा. तिथल्या लाकडी कमानी मूळच्या आहेत, दोन हजार वर्षांहून जुन्या! माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा ती कितीतरी वेळ तिथेच बसून राहिली. बाहेर एका बाजूला दगडी स्तूपांचा समूह आहे, तोही चुकवू नका.

पायात बळ असेल तर पुढे गायमुख खिंडीतून लोहगड. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक. विंचूकाट्यावर, म्हणजे गडाच्या लांब निमुळत्या सोंडेवर, पावसाळ्यात मुलांचा हात सोडू नका, दगड फार निसरडे असतात.

परतीच्या लोकलची वेळ मात्र निघण्याआधीच बघून ठेवा. दुपारी गाड्या कमी असतात, आम्ही एकदा फलाटावर दोन तास काढलेत. डबा आणि पाणी घरूनच न्या.